शिकारीचा रस्ता आणि सरपणाची वाट



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट सांगते. आमच्या भागात कुणी मोठे पाहुणे जंगल बघायला येणार होते. नेमका आमच्या आठवडी बाजाराचा दिवस. सकाळी आठ वाजता फाट्यावर दोरी बांधली आणि दहा वाजेपर्यंत कुणी पुढे जायचं नाही, असं सांगितलं. दहाचे बारा झाले, बाराचा दीड झाला. आमच्या बचत गटातल्या सात जणी वांगी, वालाच्या शेंगा आणि गावठी अंडी घेऊन रस्त्याच्या कडेला बसून होत्या. गाड्या गेल्या, दोरी सुटली, तोवर बाजार निम्मा उठला होता. त्या महिन्यात चार जणींना हप्ता भरता आला नाही. वहीत मी कारण लिहिलं, ‘रस्ता बंद’.

बैठकीत गटातल्या एका आजींनी विचारलं, “बाई, हा रस्ता झाला कुणासाठी? आपल्यासाठी, का पाहुण्यांसाठी?” मला लगेच उत्तर देता आलं नाही. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. घरी जाऊन मी जुनी पुस्तकं काढली. जंगलात पाहुण्यासाठी रस्ता उघडायचा आणि गावकऱ्यांसाठी वाट मिटायची, ही रीत कुठून आली ते शोधत गेले. शोधता शोधता पोहोचले नेपाळच्या तराईत, १९११ सालात. आजची गोष्ट तिथली आहे. शेवटी आपण परत आपल्या गावी येऊ.

तराई म्हणजे हिमालयाच्या पायथ्याचा सपाट, दमट पट्टा. माणूस बुडेल एवढं उंच गवत, सालाची दाट झाडी, नद्या आणि दलदल. वाघ, गेंडे, अस्वलं भरपूर. त्यातलाच एक भाग चितवन. आपल्या बिहारच्या चंपारण भागाला लागून, सरहद्दीच्या पलीकडे. गांधीजी १९१७ साली निळीच्या शेतकऱ्यांसाठी गेले ते हेच चंपारण. चितवनमध्ये थारू समाजाची वस्ती. थारू लोक शेती करत, नदीत मासे धरत, गवताने घरं शाकारत. तिथे हिवताप इतका जबर की डोंगरातले लोक उन्हाळ्या-पावसाळ्यात तिकडे पाऊल टाकायला घाबरत. थारू मात्र पिढ्यान् पिढ्या तिथेच राहत आले होते.

नेपाळात तेव्हा राजा नावाला होता. सगळा कारभार राणा घराण्यातल्या पंतप्रधानांच्या हातात. या राणांनी तराईचं जंगल मुद्दाम राखलं होतं. त्याला म्हणत ‘चारकोसे झाडी’, म्हणजे चार कोस रुंदीचं जंगल. दक्षिणेकडून कुणाचं सैन्य आलं तर झाडी आणि हिवताप दोन्ही आडवे येतील, असा हिशेब. त्यामुळे तिथे रस्ते करायचे नाहीत, हेच धोरण. राजधानी काठमांडूलासुद्धा बाहेरून मोटारीचा रस्ता नव्हता. श्रीमंतांनी मोटारी घेतल्या तर त्या हमालांच्या खांद्यावर, बांबूंना बांधून, डोंगर चढवून आणत. मोटार माणसावर बसून जाते, हे चित्र डोळ्यापुढे आणून बघा.

आता १९११ साल. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबरला मुंबईला उतरले. त्याच भेटीची आठवण म्हणून पुढे ‘गेटवे ऑफ इंडिया’ बांधलं. १२ डिसेंबरला दिल्लीत मोठा दरबार भरला. दरबार आटोपल्यावर राणी आग्रा आणि राजपुताना बघायला गेली. राजा निघाला नेपाळच्या तराईत, वाघ मारायला. यजमान होते पंतप्रधान चंद्र शमशेर.

इथे एक गोष्ट घडली. दरबाराच्या आदल्याच दिवशी, ११ डिसेंबरला, नेपाळचे महाराज पृथ्वी वीर विक्रम शाह वारले. गादीवर पाच वर्षांचा मुलगा बसला. आपल्याकडे घरात सुतक असलं तर लग्नाची तिथीसुद्धा पुढे ढकलतात. तिथे देशाचा राजा गेला, तरी आठवड्याभरात शिकार ठरल्याप्रमाणे सुरू झाली. तयारीच एवढी झाली होती, आणि पाहुणाही एवढा मोठा.

ती तयारी काय होती, ते जरा नीट बघू. आपण गटातर्फे साधा मेळावा घ्यायचा म्हटलं तरी मंडप, पाणी, जेवण, गाडी असं सगळं आधी बसवावं लागतं. शिकारीत तर पाहुण्याला अशा जागी न्यायचं, जिथे वाट नाही. म्हणून पहिलं काम रस्त्याचं.

रेल्वे सरहद्दीवरच्या भिखना ठोरी या ठिकाणापर्यंत जात होती. १८ डिसेंबरला राजाची गाडी तिथे पोहोचली. पुढे जंगल. ज्या राणांनी रस्ते नकोत असं ठरवलं होतं, त्यांनीच या एका पाहुण्यासाठी झाडी तोडून मोटारीचा रस्ता तयार करवला. राप्ती नदीच्या काठी सुखीबार इथे तंबूंचं गाव उभं राहिलं. पुढे दुसरा तळ कसरा इथे पडला. मोटार जाईल तिथवर मोटार, पुढे हत्ती.

हत्ती किती? सहाशेहून जास्त. हत्तीला दिवसाकाठी दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. सहाशे हत्ती धरले तर रोजचा चारा झाला ९० हजार किलो, म्हणजे ९० टन. आपण दोन शेळ्यांचा चारा डोक्यावर आणतो तेव्हा मान मोडून येते. हत्ती थोडंफार स्वतः चरतात हे खरं, पण उरलेलं गवत कुणीतरी कापलं, बांधलं, वाहून आणलं असणार. छायाचित्रात हत्तीवरचा पाहुणा दिसतो, गवत आणणारी माणसं दिसत नाहीत.

आता शिकारीची पद्धत. संध्याकाळी जंगलात ठिकठिकाणी रेडकं बांधून ठेवायची. रात्री वाघ येऊन त्यातलं एखादं मारतो. पोटभर खाल्ल्यावर तो दूर जात नाही, जवळच पाणी आणि सावली बघून पडतो. सकाळी माग काढणारे लोक कुठलं रेडकू गेलं ते बघून तळावर खबर देतात. मग हत्ती निघतात. वाघ जिथे पडला असेल त्या झाडीभोवती हत्तींचं मोठं कडं करायचं. ते आवळत आवळत इतकं लहान करायचं की हत्तीला हत्ती भिडतो. आत वाघ, बाहेर हत्तींची भिंत. पाहुणा हत्तीवर हौद्यात बसून गोळी घालतो.

असा खेळ दहा दिवस चालला. ३९ वाघ, १८ गेंडे आणि ४ अस्वलं मारली गेली. एकूण ६१ जनावरं. त्यातले २१ वाघ, ८ गेंडे आणि १ अस्वल एकट्या राजाने मारलं. २८ डिसेंबरला पाहुणे निघून गेले.

आता आजींच्या प्रश्नाकडे येते. अशा शिकारीसाठी जंगल कसं हवं? गप्प. कुणी सरपण तोडत असेल, गुरं हाकत असेल, गवत कापत असेल, तर वाघ जागा सोडून जातो. रेडकू वाया, खबर वाया, सहाशे हत्तींचा फेरा वाया. शिवाय गोळी लागायची भीती. म्हणजे शिकारीच्या आखणीला दोन बाजू असतात. पाहुण्याची वाट उघडायची आणि त्याच जंगलातली बाकीच्यांची ये-जा थांबवायची. पहिली बाजू पुस्तकांत पानंच्या पानं लिहिलेली सापडते. दुसरी बाजू एखाद्या ओळीतही मिळत नाही. त्या दहा दिवसांत थारू बायांनी सरपण कुठून आणलं, गुरं कुठे पाजली, याची नोंद कोण ठेवणार? त्यांच्या हातात वही नव्हती.

आणि काम कुणी केलं? नेपाळात सरकारी कामासाठी लोकांकडून फुकट राबवून घ्यायची रीत होती. तिला ‘झारा’ म्हणत. रस्ता दुरुस्त करणं, जंगली हत्ती पकडायला जाणं, अशी कामं झाऱ्यात येत. आपल्याकडे त्याला वेठ म्हणायचे. जुन्या बायांच्या तोंडी ‘वेठीला धरलं’ हा शब्द अजून आहे. आपण तो सहज वापरतो, पण त्याच्यामागे कितीतरी पिढ्यांची पाठ वाकलेली आहे.

तुम्ही म्हणाल, ही नेपाळची गोष्ट झाली. पण इंग्रजांच्या मुलखात, आपल्या मध्य प्रांतातसुद्धा, जंगलं शिकारीसाठी वाटून दिलेली असत. एका तुकड्याला म्हणायचे ‘ब्लॉक’. साहेबाने परवाना काढायचा, मग ठरलेले दिवस तो ब्लॉक त्याचा. दुसऱ्या शिकाऱ्याने तिथे यायचं नाही. हाकारे घालायला, सामान वाहायला गावातली माणसं. गावकऱ्याने मात्र राखीव जंगलात विनापरवाना फासे लावून जनावर मारलं, तर तो गुन्हा.

वाट बंद करायला कायद्याचा आधारही होता. भारतीय वन कायदा १९२७ सालचा. त्याच्या आधीच्या १८७८ च्या कायद्यातही अशीच तरतूद होती. १९२७ च्या कायद्याचं कलम २५ मुद्दाम ऐका. राखीव जंगलातली कुठलीही सार्वजनिक किंवा खाजगी वाट आणि पाण्याचा प्रवाह, सरकारची आधी मंजुरी घेऊन, वन अधिकारी बंद करू शकतो. अट एवढीच की बदली वाट आधीपासून असली पाहिजे किंवा त्याने करून दिली पाहिजे, आणि ती पुरेशी सोयीची असली पाहिजे. सोयीची आहे हे कोण ठरवणार? सरकार. डोक्यावर मोळी घेऊन जी चालते, तिला विचारायचं, असं त्या कलमात कुठेही नाही. हे कलम शिकारीसाठी केलेलं नव्हतं, सगळ्या राखीव जंगलासाठी होतं. पण वाट कुणाची, हा प्रश्न त्याने कायमचा एका बाजूला झुकवून ठेवला. पण त्यातली बदली वाटेची अट लक्षात ठेवा. ती आपल्या कामाची आहे.

लोकांनी हे सगळं मुकाट्याने सोसलं असंही नाही. हिमालयातल्या कुमाऊं भागात साहेब दौऱ्यावर किंवा शिकारीवर आला की गावाने हमाल द्यायचे, दूध, लाकूड, चारा द्यायचा. कुणाची पाळी कधी, याची गावोगावी नोंदवही असे. १९२१ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या जत्रेला, बागेश्वर इथे लोक हजारोंनी जमले. बद्रीदत्त पांडे हे त्यांचे पुढारी. लोकांनी त्या बेगारीच्या नोंदवह्या शरयू नदीच्या पाण्यात सोडून दिल्या. वही बुडाली तसा त्या बेगारीचाही शेवट झाला. वहीत केवढी ताकद असते, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात आला. १७ नोव्हेंबर १९२१ ला तो मुंबईत उतरला तेव्हा लोकांनी हरताळ पाळला, परदेशी कापडाची होळी झाली. पुढे दंगली झाल्या, माणसं मेली, त्याचं गांधीजींना फार दुःख झालं. डिसेंबरमध्ये युवराज बापाप्रमाणेच भिखना ठोरीला उतरून तराईत शिकारीला गेला. तिथे सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं. ज्या जंगलात माणसांना येऊच दिलं जात नाही, तिथे हरताळ करणार कोण?

पुढच्या शिकारी आणखी मोठ्या झाल्या. १९३८-३९ च्या हिवाळ्यात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत १२० वाघ आणि ३८ गेंडे गेले. राणांची सत्ता १९५१ साली संपली. काठमांडूला भारताच्या मदतीने मोटारीचा पहिला रस्ता झाला तो १९५६ साली. म्हणजे वाघाच्या जंगलात पाहुण्यासाठी रस्ता झाला, त्यानंतर राजधानीतल्या माणसांनी पंचेचाळीस वर्षं वाट पाहिली.

१९६१ साली राणी एलिझाबेथ नेपाळला आली. या वेळी रस्त्याच्या जोडीला विमानाची धावपट्टी आली. चितवनमध्ये मेघौली इथे ती तयार केली. पुन्हा तंबू, पुन्हा तीनशेहून जास्त हत्ती. राणीने स्वतः गोळी चालवली नाही, ती कॅमेऱ्याने टिपत होती. तिचे पती फिलिप यांच्या बोटाला पट्टी बांधलेली होती, म्हणून त्यांनीही बंदूक धरली नाही. काळ बदलत चालला होता. वाघ मारणं आता मिरवण्यासारखं राहिलं नव्हतं.

तोवर फवारणीने हिवताप आटोक्यात आला होता. डोंगरातून लोक चितवनमध्ये येऊन शेती करू लागले, जंगल तुटलं, गेंडे चोरून मारले गेले. १९६० च्या दशकात गेंडे जेमतेम शंभर उरले. गेंड्यांसाठी जागा मोकळी करायची म्हणून हजारो माणसांना उठवलं. १९७३ साली चितवन राष्ट्रीय उद्यान झालं. शिकार कायमची बंद झाली. ती व्हायलाच हवी होती. आपल्या देशातही १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव कायदा झाला. वाघ वाचला पाहिजे, यात माझं दुमत नाही.

पण थारू बायांच्या वाटेचं काय झालं? उद्यान झालं तसं गवताचं जंगल त्यांना बंद झालं. घर शाकारायला गवत लागतं, भिंतींना बोरू लागतो. तेव्हा १९७६ पासून अशी सोय झाली की वर्षातून एकदा, हिवाळ्यात, ठरलेले दिवस परवाना काढून आत जायचं आणि गवत कापून आणायचं. हजारो बाया-माणसं कोयते घेऊन पहाटे नदी ओलांडून जात. वर्षाचं छप्पर त्या दिवसांत गोळा करायचं. हे दिवस पुढे पुढे कमी होत गेले. आणि उद्यानाचं मुख्य कार्यालय कुठे आहे? कसरा इथे. पाचव्या जॉर्जचा दुसरा तळ पडला होता, तेच कसरा.

पाहुण्यांना दहा दिवस हवे होते तर अख्खं जंगल त्यांच्यासाठी आवरून ठेवलं. बायांना छपरासाठी दिवस हवे, तर ते मोजून दिले. १९११ आणि १९७६ यांत हेतू पार उलटा झाला, मारायचं होतं तिथे राखायचं आलं. वाट ठरवताना मात्र दोन्ही वेळा थारू बाईला कुणी विचारलं नाही.

थोडा फरक पडला तो नंतर. १९९० च्या दशकात नेपाळने कायदा केला की उद्यानाच्या उत्पन्नातला तीस ते पन्नास टक्के वाटा भोवतालच्या गावांच्या कामाला द्यायचा. चितवनभोवती १९९६ मध्ये तसा पट्टा ठरला. गावांच्या समित्या झाल्या, लोकांनी स्वतःची जंगलं राखली, तिथून गवत-सरपण मिळू लागलं. सगळं सुटलं असं नाही, पण ठरवणाऱ्यांच्या बैठकीत गावाला जागा मिळाली.

आता आपल्या गावी येऊ. आपल्या पूर्व विदर्भात ‘निस्तार’ हा जुना शब्द आहे. सरपण, चराई, घरबांधणीचं लाकूड अशा रोजच्या गरजांसाठी गावाचा जंगलावर जो हक्क, तो निस्तार. त्याची नोंद निस्तार पत्रकात असते. वहिवाटीच्या वाटांसारखे रिवाज लिहायला ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचं दुसरं कागदपत्र असतं. तलाठ्याकडे जाऊन ते बघायला मागा. तुमच्या गावाच्या कागदात काय आहे ते एकदा वाचून घ्या.

दुसरं, २००६ चा वनहक्क कायदा. त्यात गावाच्या सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभा करते. निस्ताराचा हक्कही त्यात येतो. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया असाव्याच लागतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दाव्याला पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचं सांगणं लिहून घेतलेलं चालतं. म्हणजे ज्या आजींनी मला प्रश्न विचारला, त्यांना आठवणारी वाट हा पुरावा आहे. पण तो लिहून घ्यायला हवा. आजींच्या मागे तो उरणार नाही.

आम्ही गटात काय केलं ते सांगते. दोन बैठका फक्त वाटांसाठी घेतल्या. जमिनीवर रांगोळीने गाव काढलं. मग एकेकीने आपली वाट काढली. मोहफुलाची वाट, तेंदूपत्त्याची वाट, नाल्यावर जायची वाट, माहेरच्या गावाला जाणारी जंगलातली पायवाट. एकूण अकरा वाटा निघाल्या. त्यातल्या चार वाटा गावातल्या पुरुषांनाही ठाऊक नव्हत्या. प्रत्येक वाटेपुढे लिहिलं, कशासाठी जाते, कुठल्या महिन्यात जाते, किती बाया जातात, बंद झाली तर किती लांबून जावं लागतं. हे शेवटचं जरूर लिहा. बदली वाट सोयीची आहे का, असा प्रश्न निघाला तर उत्तर आपल्या हातात तयार हवं. ते कागद ग्रामसभेत ठेवले, वनहक्क समितीकडे एक प्रत दिली.

बाजाराच्या रस्त्यासाठीही अर्ज दिला. कुणी मोठे पाहुणे येणार असतील तर बाजाराचा दिवस टाळावा, आणि टाळता येत नसेल तर दोन दिवस आधी गावात दवंडी द्यावी, एवढीच मागणी. उत्तर अजून आलेलं नाही. अर्जाची पोच मात्र जपून ठेवली आहे, हप्त्याच्या वहीत, ‘रस्ता बंद’ लिहिलेल्या पानाला टाचून.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातून जंगलात किती वाटा जातात? पुढच्या बैठकीत मोजा, आणि आपल्या केंद्राला कळवा. आजच्यापुरतं इतकंच.